ऑनर्सच्या दारात: निवडीचे निकष आणि मावळातले विद्यार्थी

निवडक विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या ऑनर्स अभ्यासक्रमांचे आज महाराष्ट्रात तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमाचा आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक मिळवले की साधी पदवी मिळते आणि चौथे वर्ष पुरे करून १६० श्रेयांक झाले की ऑनर्स पदवी मिळते. चौथ्या वर्षाला दोन फाटे आहेत. एका फाट्यात वरच्या पातळीचे विषय शिकायचे असतात. दुसऱ्यात, म्हणजे ‘संशोधनासह ऑनर्स’मध्ये, १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करून प्रबंध लिहायचा असतो. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असल्याशिवाय या दुसऱ्या फाट्याला जाता येत नाही. पीएच.डी.विषयीच्या २०२२ च्या नियमांनी ७५ टक्के गुणांसह चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला एम.ए., एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.साठी पात्र ठरवले आहे. त्यामुळे या चौथ्या वर्षाचे मोल वाढले.

राज्यात विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये यांनी ही रचना २०२३-२४ पासून लागू केली, संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून. लोणावळ्याचे डॉ. बी. एन. पुरंदरे महाविद्यालय किंवा तळेगाव दाभाड्याचे इंद्रायणी महाविद्यालय यांसारखी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये या दुसऱ्या टप्प्यातली. २०२४ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर येईल ती २०२७-२८ मध्ये.

दुसरा प्रकार अभियांत्रिकीतला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नमुना अभ्यासक्रमानुसार नेहमीच्या श्रेयांकांखेरीज १८ ते २० श्रेयांक जादा मिळवणाऱ्याच्या पदवीवर ‘ऑनर्स’ असा उल्लेख येतो. तळेगाव आणि कुसगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना हा मार्ग जवळचा.

तिसरा प्रकार अशा संस्थांचा, जिथे प्रवेशच मुळात गाळणीतून होतो. पुण्यात पाषाणला २००६ साली सुरू झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था म्हणजे आयसर, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, बी.स्टॅट. आणि बी.मॅथ. या ऑनर्स पदव्या देणारी भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नई गणित संस्था ही विज्ञान-गणितातली ठळक नावे. मावळाच्या शेजारी मुळशी तालुक्यात लवळ्याला असलेले फ्लेम विद्यापीठ, सोनिपतचे अशोका आणि बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ ही मानव्य व सामाजिक शास्त्रांकडे झुकलेली. परदेशातील ऑनर्स महाविद्यालयेही याच वर्गात येतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मुख्यतः पहिला आणि तिसरा प्रकार हा आहे: अशा ठिकाणी निवड करणारे लोक अर्जदारात नेमके काय शोधतात, आणि लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव किंवा पवन मावळातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी काय करता येण्यासारखे आहे.

निवडीचा इतिहास

ऑनर्सची कल्पना इंग्लंडातली. ऑक्सफर्डने १८०० साली परीक्षांची नवी पद्धत आणली आणि साध्या पदवीपेक्षा वरचढ अशी सन्मानाची पदवी परीक्षेतल्या कामगिरीवर दिली जाऊ लागली. केंब्रिजला गणिताची ट्रायपॉस परीक्षा होती आणि तिच्या पहिल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना रँग्लर म्हणत. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली त्या परीक्षेत पहिले आले, सीनिअर रँग्लर झाले, आणि महाराष्ट्रात गुणवत्तेचे ते परिमाण होऊन बसले. पण क्रमवारीच्या या पद्धतीविषयी खुद्द केंब्रिजलाच शंका होती. विद्यार्थी गणितज्ञ होण्याऐवजी परीक्षा सोडवण्यात तरबेज होतात, असा आक्षेप होता. १९०९ नंतर रँग्लरांची क्रमवारी जाहीर करणेच तिथे बंद झाले.

अमेरिकेत स्वार्थमोर महाविद्यालयाचे अध्यक्ष फ्रँक एडलॉट यांनी १९२२ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्सचा प्रयोग केला. वरच्या वर्गातल्या थोड्या विद्यार्थ्यांना नेहमीच्या तासांतून मोकळे करून लहान चर्चासत्रांत बसवले आणि त्यांची परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक बोलावले. टेक्सास विद्यापीठात १९३५ साली ‘प्लॅन टू’ सुरू झाला. पुढे ॲरिझोना आणि पेनसिल्व्हेनिया यांसारख्या मोठ्या राज्य विद्यापीठांनी स्वतंत्र ऑनर्स महाविद्यालयेच काढली. प्रश्न तेव्हापासून एकच आहे. लहान वर्ग, अवघड वाचन, स्वतःहून करायचे काम आणि अखेरीस प्रबंध, एवढे झेपणारा आणि त्यात रस घेणारा विद्यार्थी आधीच ओळखायचा कसा?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले दोघे. पुढे मॅट्रिकच्या परीक्षेतल्या संस्कृतच्या गुणांवर मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ही महाराष्ट्रातली सर्वांत मानाची निवड ठरली. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ साली मिळाली. त्याआधी १९०३ मध्ये ती मिळवणाऱ्या जगन्नाथ गणेश गुणे या विद्यार्थ्याचे नाव लोणावळ्याशी कायमचे जोडले गेले. स्वामी कुवलयानंद ते हेच. त्यांच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

गुण कशाला लागतात

निवडीत गुणांचे काम उंबरठ्याचे असते. आयसरचे उदाहरण बोलके आहे. तिथे बारावीला किमान ६० टक्के गुणांची अट आहे. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. ६० टक्के मिळवणारे विद्यार्थी मावळातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात असतात. खरी चाळणी पुढे, प्रवेश परीक्षेत लागते. संशोधनासह ऑनर्सची ७५ टक्क्यांची अटही तशीच आहे. ती पार केली म्हणजे अर्ज विचारात घेतला जातो. संशोधनाला जागा मिळणे हे मार्गदर्शकांची संख्या, विभागाची सोय आणि विद्यार्थ्याचा विषय यांवर ठरते.

गुणपत्रिका वाचणारी अनुभवी समिती एकूण टक्केवारीपेक्षा तीन गोष्टी पाहते. पहिली, ज्या विषयात पुढे जायचे त्या विषयातले गुण. भौतिकशास्त्रात ऑनर्स मागणाऱ्याचे गणित कच्चे असेल, तर इतर विषयांतल्या ९५ गुणांचा उपयोग होत नाही. दुसरी, गुणांची चाल. पहिल्या सत्रात ६२, दुसऱ्यात ६८, सहाव्यात ८१ असा चढता आलेख एकसारख्या ७८ पेक्षा अधिक आशादायक मानला जातो, कारण त्यात विद्यार्थी शिकत असल्याचा पुरावा असतो. तिसरी, विषयांची निवड. सोपे म्हणून घेतलेले विषय आणि अवघड असूनही घेतलेले विषय समितीला सहज वेगळे ओळखता येतात.

आजच्या शाळांत ९० टक्क्यांच्या पुढचे गुण अपवादाचे राहिलेले नाहीत. शंभर अर्जांत साठ जण ९० च्या वर असतील, तर गुणांवरून त्या साठांत निवड करता येत नाही. म्हणून पुढची साधने लागतात.

प्रवेश परीक्षा: वेगळ्या जातीचे प्रश्न

विज्ञानाच्या संस्थांत हे पुढचे साधन म्हणजे प्रवेश परीक्षा. आयसरच्या अभिक्षमता चाचणीत तीन तासांत ६० प्रश्न असतात: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा. ज्याने अकरावीत जीवशास्त्र किंवा गणित सोडले, त्यालाही चारही विषयांची प्रश्नपत्रिका मिळते. संस्थेला सर्व मूलभूत शास्त्रांचा पाया असलेला विद्यार्थी हवा आहे, हे या रचनेतूनच कळते.

सांख्यिकी संस्थेची परीक्षा आणखी वेगळी. एक प्रश्नपत्रिका पर्यायी उत्तरांची आणि दुसरी सविस्तर उत्तरांची. दुसऱ्या पत्रिकेत प्रश्न थोडे, पण प्रत्येकाची सिद्धता पायरीपायरीने लिहावी लागते. चेन्नई गणित संस्थेतही लेखी तर्काला मोठे महत्त्व आहे. उत्तर चुकले तरी विचार योग्य दिशेने गेला असेल तर गुण मिळतात. उत्तर बरोबर असूनही कारण दिले नसेल तर मिळत नाहीत. क्लासमध्ये गणिताचे ‘प्रकार’ पाठ करून बसलेला विद्यार्थी इथे अडखळतो.

ही तयारी पैशांवर फारशी अवलंबून नाही. चेन्नई गणित संस्था आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर मोफत ठेवते. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात गणिताच्या ऑलिम्पियाडची तयारी करून घेतली जाते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून माधव गणित स्पर्धा घेतात. तळेगावहून किंवा लोणावळ्याहून लोकलने पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातल्या या सोयी आहेत. मावळात त्यांची माहिती पोचत नाही, हीच मोठी अडचण.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत संकल्पनेपेक्षा संज्ञा अडवतात. संवेग, त्वरण, संयुजा हे शब्द त्याला ठाऊक असतात, त्यांची इंग्रजी रूपे नसतात. अकरावीच्या पहिल्या सत्रात दोन्ही भाषांतली संज्ञांची वही केली, तर ही अडचण सहा महिन्यांत ओसरते. मराठी विश्वकोशातल्या नोंदी या कामी फार उपयोगी पडतात, आणि त्या इंटरनेटवर मोफत आहेत.

एक प्रश्न, पुष्कळ दिवस

ऑनर्सच्या निवडीत सर्वांत जास्त वजन ज्या गुणाला असते, तो कोणत्याही गुणपत्रिकेत नोंदलेला नसतो. एखादा प्रश्न स्वतःला पडणे, तो उत्तर मिळेपर्यंत न सोडणे आणि उत्तर तपासून पाहण्याची रीत शोधणे, हा तो गुण. चौथ्या वर्षाचा प्रबंध म्हणजे याच गुणाची परीक्षा असल्यामुळे समिती त्याची आधीची खूण शोधते.

कुवलयानंदांचे उदाहरण इथे लागू पडते. शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गुणे बडोद्याच्या महाविद्यालयात शिकू शकले. पण शिष्यवृत्ती मिळवणारे विद्यार्थी दरवर्षी होतच होते. त्यांचे वेगळेपण पुढे दिसले. अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम करत असताना मालसरच्या परमहंस माधवदासजींकडून ते योग शिकले आणि त्यांना प्रश्न पडला: उड्डियान बंध किंवा नौली करताना शरीराच्या आत नेमके काय होते? ग्रंथप्रामाण्यावर न थांबता त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरणांखाली या क्रियांचे प्रयोग केले. पुढे नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो हे मापून दाखवले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे नाव दिले. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन झाले. ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्याच वर्षी निघाले आणि त्यात हे प्रयोग आकडे आणि क्ष-किरण चित्रांसह छापले गेले. मॅट्रिकच्या संस्कृतच्या पेपरात यांपैकी काहीही मोजता आले नसते. आजची ऑनर्स समिती अर्जात जे शोधते, ते हेच.

अर्थात अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून कोणी नवा शोध मागत नाही. प्रश्न लहान असावा, पण खरा असावा. आणि त्यावर केलेले काम दाखवता यावे. मावळात अशा प्रश्नांची वाण नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी भात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आला. समजा, नाणे मावळातल्या एका विद्यार्थिनीच्या घरी इंद्रायणी पिकतो. एका खाचरात वडिलांनी नेहमीसारखी आवणी केली आणि शेजारच्या खाचरात चारसूत्री पद्धतीने, दोन चुडांमध्ये ठरावीक अंतर ठेवून, एका चुडात दोन-तीन रोपे लावून, युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचून. तिने दोन्ही खाचरांतले वीस-वीस चूड खुणेने निवडले, दर आठवड्याला फुटवे मोजले, पाऊस आणि उन्हाचे दिवस टिपून ठेवले आणि कापणीनंतर लोंब्या मोजल्या. खर्च शून्य. पण दोन हंगामांची ही वही कोणत्याही विज्ञान संस्थेच्या समितीपुढे ठेवता येते. आकडे अपेक्षेविरुद्ध आले असतील तर ती अधिकच मोलाची, कारण मग ते असे का आले याचा विचार करावा लागतो.

मानव्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही साहित्य दाराशीच आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे इथल्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. कार्ल्याचा चैत्य वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने करवला, हे तिथल्या लेखावरूनच कळते. दाते कोणत्या गावचे आणि कोणत्या व्यवसायाचे होते, याची तक्ता करून मांडणी करणे हे बारावीच्या विद्यार्थ्याला जमणारे काम आहे. तळेगावला १९०८ साली लोकवर्गणीच्या पैसा फंडातून निघालेला काच कारखाना, लोणावळा-वळवणच्या तलावांतले पाणी खोपोलीला नेऊन १९१५ मध्ये सुरू झालेली टाटांची वीजनिर्मिती, पॉलीहाऊसमधली गुलाबशेती, वीकएंडच्या पर्यटनाने बदललेले लोणावळ्याचे पाणी आणि कचऱ्याचे गणित हे अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्राचे विषय आहेत.

याउलट समित्यांवर ज्याचा फारसा परिणाम होत नाही, तेही सांगितले पाहिजे. एक दिवसाच्या कार्यशाळांची पंधरा प्रमाणपत्रे, पैसे भरून मिळालेली ‘आंतरराष्ट्रीय’ पदके, क्लासने सगळ्या मुलांकडून करून घेतलेला एकच प्रकल्प यांतून विद्यार्थ्याविषयी काहीच कळत नाही. एका कामाला दिलेली दोन वर्षे दहा कामांना दिलेल्या दहा दिवसांपेक्षा जड ठरतात.

निवेदन

बहुतेक निवडक संस्था अर्जासोबत निबंध किंवा हेतुनिवेदन मागतात. चौथ्या वर्षाच्या संशोधनासाठी त्याची जागा संशोधन आराखडा घेतो. त्यात भाषेचे सौंदर्य कोणी तपासत नाही. विचाराची स्पष्टता, खरेपणा आणि नेमकेपणा तपासतात.

दोन नमुने शेजारी ठेवले की फरक दिसतो. पहिला असा: ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे. देशाच्या प्रगतीत माझे योगदान असावे अशी माझी इच्छा आहे. आपली संस्था नामांकित असल्याने मला इथे शिकायचे आहे.’ या तीन वाक्यांत अर्जदाराचे नाव बदलले तरी काही बिघडत नाही. दुसरा असा: ‘आमच्या दोन खाचरांत एकाच दिवशी लावलेल्या भाताला फुटवे वेगवेगळे आले. पाणी कमी-जास्त झाल्याने असे झाले असावे, असे मला आधी वाटले. नोंदी पाहिल्यावर फरक पाण्याआधीच, लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यात सुरू झालेला दिसला. रोपांच्या मुळांचा अभ्यास कसा करतात ते मला येत नाही आणि ते शिकायला मी अर्ज करत आहे.’ इथे अर्जदाराने काय पाहिले, कोणता अंदाज चुकला, काय ठाऊक नाही आणि पुढे काय शिकायचे आहे, हे सगळे साध्या मराठीत सांगितले आहे. ‘मला येत नाही’ हे वाक्य अर्जाला कमीपणा आणत नाही. आपल्या ज्ञानाची हद्द कुठे संपते हे ठाऊक असलेला विद्यार्थीच संशोधनाला लायक असतो.

निवेदन दुसऱ्याकडून, एजन्सीकडून किंवा संगणकाच्या मदतीने लिहून घेण्याची चाल वाढली आहे. ती पकडली जाते मुलाखतीत. मुलाखतीचे पहिले पाच-सात प्रश्न निवेदनावरूनच निघतात आणि न वाचलेल्या पुस्तकाचे किंवा न केलेल्या प्रयोगाचे नाव तिथे अर्जदाराला गोत्यात आणते.

शिफारसपत्र

शिफारसपत्र लिहिणाऱ्याच्या हुद्द्याला किंमत आहे, असा गैरसमज मावळातही घट्ट आहे. नगरसेवक, आमदार किंवा संस्थाचालकाचे पत्र आणले की काम झाले, असे पालकांना वाटते. निवड समितीला असे पत्र निरुपयोगी असते. ज्या शिक्षकाने विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत चुकताना, पुन्हा प्रयोग करताना आणि तासानंतर थांबून प्रश्न विचारताना पाहिले, त्या शिक्षकाचे अर्धे पान मोलाचे. ‘हा विद्यार्थी हुशार, नम्र आणि कष्टाळू आहे’ या वाक्यापेक्षा एका प्रसंगाचे वर्णन अधिक सांगून जाते. म्हणून विद्यार्थ्याने अशा शिक्षकांशी अकरावीपासून, किंवा पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून, संबंध ठेवावा आणि पत्र मागताना महिनाभर आधी मागावे. सोबत आपल्या कामाची एक पानी टिपणी द्यावी. शिक्षकांनीही ठरावीक साच्याची पत्रे लिहिणे सोडावे. विद्यार्थ्याचे नुकसान त्यानेच होते.

मुलाखत आणि गटातले काम

मुलाखतीत माहितीची परीक्षा नसते. विद्यार्थ्याला ठाऊक नसलेला प्रश्न मुद्दाम विचारतात आणि तो विचार कसा करतो ते पाहतात. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरवरच्या पुण्याला त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच, हे कसे, असा प्रश्न मावळच्या विद्यार्थ्याला सहज विचारला जाऊ शकतो. ‘घाटामुळे’ हे उत्तर पुरेसे नाही. वारे कुठून येतात, वर चढताना हवेचे काय होते, घाट ओलांडल्यावर काय होते, ही साखळी बोलून दाखवावी लागते. मध्येच चूक झाली आणि परीक्षकाने इशारा दिला, तर ती सुधारणे हीच उत्तम कामगिरी ठरते.

गटातल्या वागणुकीला महत्त्व देणाऱ्या निवडीची दोन उदाहरणे मावळच्या जवळच आहेत. मुळशीत खुबवलीजवळ १९९७ साली सुरू झालेले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सोळा ते अठरा वयोगटातल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांसाठी घेते. युनायटेड वर्ल्ड कॉलेज चळवळीचे निकष उघड आहेत: बौद्धिक कुतूहल, कृतीतून दिसणारी बांधिलकी, इतरांबरोबर जमवून घेण्याची क्षमता, अडचणीत टिकून राहण्याची ताकद व सचोटी आणि त्या शिक्षणाच्या हेतूशी जुळणारी ओढ. हे गुण लेखी परीक्षेत मोजता येत नाहीत, म्हणून निबंध, मुलाखती आणि गटकार्य यांचा वापर होतो.

दुसरे उदाहरण लष्कराचे. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या १९४५ पासूनच्या नौदल तळावर अभियांत्रिकी शाखेच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण होते. अधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाची चाचणी पाच दिवस चालते. चित्र पाहून गोष्ट लिहिणे, शब्दाला पहिल्या विचाराने प्रतिसाद देणे, मैदानावर गटाने अडथळे पार करणे आणि दीर्घ मुलाखत यांतून १५ गुण जोखले जातात. मैदानावर सगळ्यांत मोठ्याने बोलणारा निवडला जातो हा समज खोटा आहे. गटाची फळी अडकली असताना दुसऱ्याची युक्ती उचलून धरणारा आणि मागे राहिलेल्याला हात देणारा उमेदवार परीक्षकाच्या वहीत वर जातो. ऑनर्सच्या चर्चासत्रांतही हेच लागते. दहा जणांच्या वर्गात ऐकून घेता न येणारा विद्यार्थी इतर नऊ जणांचे शिकणे बिघडवतो.

परिस्थितीचा विचार

दोन अर्जदारांचे गुण सारखे असले तरी त्यांनी कापलेले अंतर सारखे नसते. पवनानगरच्या पलीकडच्या वाडीतून रोज एसटीने कामशेतला येणारी, घरातली पहिली पदवीधर होऊ पाहणारी मुलगी आणि पुण्यातल्या प्राध्यापकांचा मुलगा यांच्या ८० टक्क्यांचा अर्थ समितीला वेगळा लावावा लागतो. सरकारी संस्थांत आरक्षण हा त्यावरचा घटनात्मक उपाय आहे. काही खासगी संस्था गरजेनुसार शुल्कमाफी देतात. अर्जात आपल्या परिस्थितीचा उल्लेख दयेची याचना म्हणून करू नये. तपशील म्हणून करावा. किती अंतर, कोणती घरची जबाबदारी, शाळेत प्रयोगशाळा होती की नव्हती, एवढे तीन-चार वाक्यांत पुरते. चांगली समिती ‘मिळालेल्या साधनांतून काय केले’ हे पाहते. प्रयोगशाळा नसताना खाचरात केलेल्या नोंदी यासाठीच वजनदार.

ही न्यायाची बाजू संस्थांवरही जबाबदारी टाकते. संशोधनासह ऑनर्स देणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक असावेत, अशी आयोगाची अपेक्षा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात हे जमले नाही, तर ७५ टक्के मिळवूनही विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी पुण्याला जावे लागेल, आणि मुलींच्या बाबतीत बहुतेकदा शिक्षण तिथेच थांबेल. इथे निवडीचा निकष विद्यार्थ्याच्या गुणवत्तेचा उरत नाही, गावाचा होतो.

तयारीचा क्रम

अकरावीत, किंवा पदवीच्या पहिल्या वर्षी, एक विषय निवडावा आणि तारखांसह नोंदींची वही सुरू करावी. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकाबाहेरची दोन-तीन पुस्तके पूर्ण वाचावीत आणि त्यांवर स्वतःची टिपणे ठेवावीत. बारावीत जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवावी. पदवीच्या दुसऱ्या वर्षी होमी भाभा केंद्राचा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा राष्ट्रीय विज्ञान उपक्रम, देशातल्या विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती यांसारख्या ठिकाणी अर्ज करावा. निवड झाली नाही तरी संशोधन आराखडा लिहिण्याचा सराव होतो. तिसऱ्या वर्षी मार्गदर्शकाशी बोलून चौथ्या वर्षाचा विषय लहान करत न्यावा. ‘मावळातील शेती’ हा विषय होत नाही. ‘आंदर मावळातल्या तीन गावांत चारसूत्री लागवड शेतकऱ्यांनी का सोडली’ हा होतो.

महाविद्यालयांच्या वाट्याला तीन कामे येतात. प्रवेश परीक्षा आणि शिष्यवृत्त्यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच फलकावर लावाव्यात. ग्रंथालयात जुन्या प्रश्नपत्रिका आणि मागच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प ठेवावेत. आणि ज्या विभागांत मान्यताप्राप्त मार्गदर्शक नाहीत, तिथे ते येत्या काळात तयार होतील अशी व्यवस्था करावी. संलग्न महाविद्यालयांची पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोचेल, तेव्हा मावळातल्या किती विद्यार्थ्यांना आपल्याच तालुक्यात संशोधनासह ऑनर्स करता येईल, हे या तिसऱ्या कामावर ठरणार आहे. ते काम विद्यार्थ्याच्या हातातले नाही. संस्थाचालकांनी आणि विद्यापीठाने ते आत्ताच हाती घ्यावे.